जुन्या सालांची आणेवारी: विदर्भाच्या खेड्यात वर्षभर राहायचं तर कोणतं साल धरावं?

सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, साल धरतो तेव्हा आधी सगळं उघड करून घेतो. दाणे किती, रोकड किती, वहाणा-घोंगडं मालकाकडून की पदरचं, बैल कसे आहेत. मग पाडव्याला शब्द दिला जातो. जुन्या काळात वर्षभर राहायची हौस असणाऱ्याने एवढी अक्कल तरी सालदाराकडून घ्यावी. बहुतेक जण राजा पाहून काळ निवडतात, कोणी लढाई पाहून, कोणी फोटोतला फेटा पाहून. घरात पीठ कोण दळणार आणि पाणी किती लांबून येणार, हे विचारायचं राहून जातं. इथे विदर्भातली सात सालं निव्वळ राहण्याच्या सोयीने तपासली आहेत.

अट अशी धरली आहे की सोबत काही न्यायचं नाही. अंगात टोचलेल्या लशी तेवढ्या बरोबर येतात. गुण आण्यांत दिले आहेत, सोळापैकी. गावाच्या पिकाची पैसेवारी (जुनी आणेवारी) पन्नासच्या खाली गेली की टंचाई धरतात, तोच हिशोब इथेही लावला: आठ आण्यांच्या आतलं साल धरू नये.

आणेवारीची खाती मात्र दोन आहेत, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. खाली दिलेले आणे गावातल्या विहिरीवर दोर टाकू शकणाऱ्या घराचे आहेत. गावकुसाबाहेरच्या घरात उतरलात तर १९५० च्या आधीचं कुठलंही साल चार आण्यांच्या वर जात नाही. पाणी दुसऱ्याने वरून ओतलं तर मिळायचं, मेलेलं ढोर ओढावं लागायचं, वेठ चुकत नसे. अमरावतीत अंबादेवीच्या देवळात शिरायला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, मग खेड्यातल्या विहिरीची काय कथा. अस्पृश्यता घटनेने १९५० मध्ये बंद केली आणि तिच्यासाठी शिक्षा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये आला. "जुना काळ किती साधा होता" असं कोणी म्हणालं की तो कोणत्या घरातून बोलतोय ते आधी पाहावं.

सालाच्याही आधी गाव निवडायचं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथली जमीन काळीभोर आणि पीक चांगलं, पण विहिरीला खारं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षभर पिऊन पोट ठिकाणावर राहत नाही. साल कितीही चांगलं निवडा, गाव खारपाणातलं निघालं तर चार आणे तिथेच गेले.

आता सालं. पहिली दोन लवकर उरकू.

रिद्धपूर, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. श्रीगोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी. भाषेच्या ओढीने पुष्कळांना इथेच जावंसं वाटतं. आज त्या गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे, पण त्या काळी तिथे बोललेली मराठी आपल्याला निम्मीच समजेल. खाण्याचं त्याहून अवघड. मिरची, भुईमूग, बटाटा, टमाटर, मका, पेरू ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीज येईपर्यंत इथे नव्हतीच. म्हणजे ज्वारीची भाकर आहे, तूर आहे, वांगं आहे, जवस आहे, पण ठेचा नाही. तिखटाला काळी मिरी, आणि ती दूरच्या मलबारातून येणारी, म्हणून महाग. तंबाखूही अमेरिकेचीच, त्यामुळे खर्रा सुटत नसलेल्यांसाठी हे साल औषधाचं आहे. चहाचं तर नाव काढू नका. तीन आणे.

१८०३, गाविलगडाचा पायथा. नोव्हेंबरात अडगावची लढाई, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि पुढे १८१८ पर्यंत पेंढाऱ्यांची धाड. फौज कोणाचीही असो, चारा आणि दाणे गावातूनच जायचे. मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यावर यायचं, तांडा लांबला की गाव अळणी खायचं. इतिहासाचे अभ्यासक असाल तर एक आठवडा जाऊन या, वर्षाचा नाद सोडा. एक आणा, तोही गाविलगडाच्या थंड हवेचा.

१८६४-६५, वऱ्हाडातलं कापसाचं गाव. कागदावर हे सोन्याचं साल आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या आणि कापसाला कधी नव्हे तो भाव आला. हिंगणघाटची बनी तर नावाजलेली जात. पण निघताना कालनिर्णय पाहून निघा: एप्रिल १८६५ मध्ये लढाई संपली आणि भाव कोसळले. वर्षभराचा मुक्काम म्हणजे अर्धं वर्ष दिवाळी, अर्धं शिमगा. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, खामगावचा फाटा त्याहून नंतरचा, १८७० चा. म्हणजे माल बंडीनेच न्यायचा, आणि काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की चार महिने बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. जे न्यायचं ते मृगाच्या आत.

सरकी हातचरकीवर काढावी लागते. दोन रूळ उलटे फिरतात, कापूस मधून ओढला जातो, सरकी अलीकडे गळते. कापूस दमट असला की तो रुळाला गुंडाळतो आणि सरकी फुटून रुईत कचरा जातो, म्हणून आधी उन्हात पसरवावा. दिवसभर राबून दोन-तीन शेर रुई निघाली तर हात चालला म्हणायचं. कापसाच्या वजनात रुई साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे त्यासाठी सहा ते नऊ शेर कापूस लागला.

काडेपेटी घरोघर नव्हती. रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी फुंकून जागा करायचा. विझला तर शेजारून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणायचा, नाहीतर चकमक झाडत बसायचं. दिव्याला एरंडीचं किंवा करडईचं तेल चालतं. जवस विदर्भात मुबलक म्हणून त्याचं तेल घालायला जाल तर फसाल: ते तेल हवेने वाळून घट्ट होतं, वात चिकट होऊन काजळते आणि दिवा विझतो. एरंडीचं तेल सगळ्यात संथ जळतं.

आणि देवी. साधारण १९८० नंतर जन्मलेल्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही, कारण रोगच हटला होता. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. त्याआधीच्या कुठल्याही सालात जाणारा तरुण माणूस या रोगापुढे उघडा आहे. तेव्हाची सरकारी टोचणी गावात येईल तेव्हा लपून न बसता हात पुढे करावा. सहा आणे.

यानंतरची कोणती सालं मुळीच धरू नयेत, तेही इथेच सांगून टाकतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ, त्यातला दुसरा म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला छप्पन्याचा. १९१८ मध्ये पाऊस गेला आणि वर इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्य प्रांत-वऱ्हाडला तिचा फटका देशात सगळ्यात मोठ्यांपैकी होता. १९४२ ते ४७ मध्ये कापड, घासलेट, दाणे सगळं कंट्रोलमध्ये आणि सुट्ट्या नाण्यांची तंगी इतकी की तांबं वाचवायला सरकारने भोकाचा पैसा काढला. चिमूर-आष्टीचा ऑगस्ट १९४२ पाहण्याची ओढ समजू शकते, पण पाठोपाठ गावावर काय कोसळलं तेही वाचून घ्या.

१९३६-३७, वर्धेजवळचं सेगाव. सगळ्यात जास्त मागणी याच सालाला असणार, म्हणून इथे जरा थांबू.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावात आले. वर्धा तिथून आठेक किलोमीटर. सेवाग्राम हे नाव १९४० चं. तोवर पत्रावर सेगाव लिहायचं, आणि ते शेगावला जाऊन पडायचं. नाव बदलायला हाच घोळ कारण झाला. निवड दोन आहे: आश्रमात राहा, नाहीतर गावात.

आश्रमात पहाटे चारच्या सुमारास प्रार्थना, मग सफाई, सूतकताई, आणि जेवण बिनमसाल्याचं. वऱ्हाडी जिभेला तिसऱ्या दिवशीच घर आठवतं. सूत गुंडीवर मोजतात: चार फुटांचा एक तार, असे ६४० तार म्हणजे एक गुंडी, साधारण साडेआठशे यार्ड. हात बसलेला माणूस अडीच-तीन तासांत गुंडी काढतो. नवशिक्याला दिवस पुरत नाही, कारण पेळू सैल असला की सूत जाड-बारीक येतं आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पुन्हा पुन्हा तुटतं. पहाटे किंवा पावसाळ्यात काता. संडास चराचे, वर माती लोटायची. हा एक मुद्दा असा की त्या काळच्या खेड्यात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. गावात पुरुष नदीकडे जायचे, बायकांना उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. वर्षभर हे पाळावं लागतं, तापातसुद्धा, पावसातसुद्धा.

मलेरिया हा या सालाचा मोठा दोष. गांधीजींनाही त्याच वर्षी हिवतापाने गाठलं आणि वर्धेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पोस्टात क्विनाईनच्या पुड्या मिळत, त्या श्रावण लागायच्या आत घेऊन ठेवाव्यात. कडू म्हणून मध्येच बंद केल्या की ताप उलटतो. कानात घंटी वाजायला लागली तर ते क्विनाईनचंच लक्षण, भूतबाधा नाही.

गावात राहिलात तर दिवस जात्यापासून सुरू होतो. पाच माणसांच्या घराला दोन वेळच्या भाकरीसाठी दिवसाला अडीच किलोच्या आसपास ज्वारी लागते, वर्षाची नऊ क्विंटल. एवढं पीठ सवयीच्या बाईलाही दीड तासाच्या आत निघत नाही. समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावायला असेल तर काम हलकं होतं, आणि ओव्या दोघींच्या तालावरच चालतात. पीठ चार दिवसांचं एकदम दळून का ठेवू नये? कारण ज्वारीच्या पिठाची विरी जाते. शिळ्या पिठाची भाकर थापताना कडेने फाटते, उचलताना तुकडे पडतात. आधणाचं पाणी घालून मळलं तर कशीबशी सावरते, पण चव गेलेलीच. म्हणून दळण रोजचं, फार तर दिवसाआडचं.

जात्याचं यंत्र सोपं आहे आणि बिघडतंही सोप्याच कारणांनी. खालची तळी घट्ट बसलेली, वरची पाळू मधल्या खिळ्यावर फिरते. खिळ्यावर चिंधीचं वेटोळं ठेवलं की पाळू किंचित उचलली जाते आणि भरडा पडतो. काढलं की पीठ बारीक. तोंडात एका वेळी मूठभरच दाणे टाकायचे. घाईने ओंजळ ओतली तर दाणे न चिरडता कडेला निसटतात आणि सगळं पुन्हा दळावं लागतं. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं, हात भरून येतात आणि दाणा दबून चपटा होतो. मग टाकारी बोलावून टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने खरबरीत करून घ्यायचा.

दाण्याची साठवण पेवात. जमिनीखालचं कोरडं पेव, आतून शेणामातीने लिंपून, कडबा-भुसा लावून भरतात आणि तोंड मातीने बंद करतात. किडा लागत नाही, कारण बंद पेवात हवाच उरत नाही. धोकाही नेमका तोच. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरून पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. तोंड काढून दिवसभर मोकळं ठेवा, मग दोरीने कंदील सोडा. कंदील विझला तर उतरू नका. पेवातल्या ज्वारीला उबट वास येतो, ती खायला चालते, पण बियाण्याला नको, उगवत नाही. बियाणं वेगळं, कणसासकट, चुलीच्या धुरावर टांगलेलं.

उजेडाला कंदील. वात कात्रीने सरळ कापून दोन्ही टोकं जराशी खुडायची, म्हणजे ज्योत शिंगासारखी वर जाऊन काच काळी करत नाही. टाकी पाऊण भरायची. तेलात पाणी गेलं असेल तर ज्योत तडतडते, अशा वेळी टाकी रिकामी करून पुसूनच परत भरावी. काच कोरड्या राखेने पुसायची. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, आणि नवी काच आठवडी बाजारापर्यंत मिळत नाही. घासलेटाला इकडे मातीचं तेल म्हणतात. वर्धेच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी ते टाळायला गोड्या तेलावर चालणारा मगनदीप काढला होता. कौतुकाची वस्तू, पण गावात उजेड कंदिलाचाच.

शेतकऱ्याच्या घरात पैसा नाही हेही लक्षात घ्या. १९३० नंतरच्या मंदीत कापसाचे भाव पडले ते सावकाराच्या वहीत वर्षानुवर्षं चिकटून राहिले. पाहुणा म्हणून वर्षभर दुसऱ्याच्या ताटात जेवायचं असेल तर निंदणाला, वेचणीला हात लावावाच लागेल. नऊ आणे. विचारांच्या ओढीने जाणाऱ्याने दहा धरावेत, आमची हरकत नाही.

१९४८-४९, झाडी. भात खाणाऱ्यांसाठी ही निवड. भंडारा-चांद्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळ्यांनी बांधलेले तलाव, त्यांच्याखाली धानाची बांधी. वऱ्हाडात रयतवारी, इकडे मालगुजारी: तलाव, जंगल, गावठाण सगळं मालगुजाराच्या शब्दावर. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. व्यवस्था चालू असताना पाहायची तर हे शेवटचं टोक. पाळीवर झाड वाढू द्यायचं नाही, कारण मुळं कुजली की त्याच वाटेने पाणी पाझरतं. सांडव्याचं तोंड मृगाआधी मोकळं करायचं, नाहीतर पाणी पाळीवरून चढून पाळच नेतं. मासोळी भरपूर, मोहाची फुलं भरपूर, आणि धान निघालं की शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर नाटक.

घात लाखोळीच्या डाळीत आहे. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी काही न करता येते, आणि वाईट वर्षी तीच मुख्य जेवण होते. तिच्यात असा अंश आहे की महिनोन्‌महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसाचे पाय आखडून कायमचे लुळे पडतात. आठवड्यातून एकदा वरण-भजी खाल्ली तर काही होत नाही. रात्रभर भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. आमटी करून पिऊ नये. घरावर कवेलू, म्हणजे कौलं, असतात, ते दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात. वानरं एकदा धावली की फेरलेलं पुन्हा फेरा. वऱ्हाडातलं मातीचं धाबं उन्हाळ्यात याच्या दुप्पट थंड, पण झडीच्या पावसात तेही गळतं. आठ आणे, काठावर पास.

१९५८-५९, वर्धा-यवतमाळकडचं बाजाराचं गाव. आमचा कौल याला.

कारण एकेक पाहा. मलेरियावर १९५३ पासून डीडीटीची फवारणी सुरू झाली होती, १९५८ मध्ये ती निर्मूलनाच्या मोहिमेत गेली. फवारणीवाले येऊन गेले की दोन-तीन महिने भिंत सारवू नका; शेणाचा हात फिरला की औषध झाकलं जातं आणि डास पुन्हा बसतो. सण आला म्हणून बायका सारवून मोकळ्या होतात आणि मग ताप येतो. पेनिसिलीन तालुक्याच्या डॉक्टरकडे आहे, म्हणजे न्युमोनिया किंवा पिकलेली जखम हे मरणाचं कारण राहत नाही. साप मात्र तेवढाच धोक्याचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दिसतही नाही, म्हणून बाजेवर झोपा, जमिनीवर नाही. सापावरची लस मोठ्या दवाखान्यात, आणि बंडीने तिथे पोचेस्तोवर उशीर झालेला असतो.

दळण्याचं अर्धं ओझं उतरलेलं. बाजाराच्या गावात तेलाच्या इंजिनावरची चक्की फुकफुक करत असते. पण कधी इंजिन बंद, कधी पट्टा तुटलेला, आणि पावसाळ्यात नाला आला की गावच तुटलेलं. म्हणून घरचं जातं मोडीत काढू नये. डाळ भरडायला, सोजी काढायला ते लागतंच.

नाण्यांचा मात्र गोंधळ. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, पण आणे-पै चालूच होते. चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस नये पैसे. एक आणा म्हणजे सव्वासहा, तो सहा धरत. दोन आणे बारा. तीन आणे पावणेएकोणीस, ते एकोणीस धरत. म्हणजे तीन आण्यांची वस्तू नये पैसे देऊन घेतली की पाव पैसा गेला, आणि एकेक आण्याची चार वेळा घेतली की एक पैसा सुटला. दुकानदाराला हे पाठ असतं, गिऱ्हाइकाला नसतं. वजनाचंही तसंच: शेर आणि किलो दोन्ही बाजारात. शेर ऐंशी तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. रुपयाचं नाणं एक तोळ्याचं. शंका आली तर वीस रुपये पारड्यात टाका, पावशेर झाला पाहिजे. दुकानदाराचं तोंड वाकडं होईल, माप सरळ होईल.

कापूस विकायला बाजार समिती. कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणतात, त्यामुळे हर्रास उघड्यावर होतो. तरी कडता, धर्मादाय, हमाली असं करत अडत्याच्या चिठ्ठीत रक्कम झिजते. चिठ्ठी वाचून घ्या. पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस आणि शेवटचा कवडी (डागी, किडका) एकत्र भरू नका. ढिगातला एक हात कवडी निघाला की सगळ्याला त्याचाच भाव लावतात.

सरपण मृगाच्या आत घरात यायला हवं. तुराट्या भसकन पेटतात, भाकरीला तेच बरं. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, त्याहून टिकतात, भाताला-भाजीला. दुधाला आणि वरणाला गोवरी, मंद. तिघांचा ढीग वेगळा रचा, ओली पऱ्हाटी मध्ये आली तर घरभर धूर आणि डोळे लाल. प्रवासाला मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आहे, ११३ किलोमीटर, वाफेचं इंजिन. ते १९९४ पर्यंत सुटलं नाही, म्हणून या सालात घाई करून बसायचं कारण नाही. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून चालू. बॅटरीवरचा रेडिओ गावात एखादाच, आणि त्याला लायसन लागतं.

दोष: संडास नाही, नळ नाही, बाळंतपण घरीच. विहिरीचा कायदा झाला तरी दोर सगळ्यांचा चालेलच असं नाही. दीक्षाभूमीवरचा ऑक्टोबर १९५६ नुकताच होऊन गेलेला, गावात ताण आहे, आणि तो कोणत्या घरात उतरलात त्यावर वेगळा दिसेल. अकरा आणे. दुसऱ्या खात्यात सात.

१९८३-८४. सोयीत हेच पहिलं. गावात हातपंप, ज्याला इकडे बोरिंग म्हणतात. वीज येते-जाते, चक्की विजेची, एसटी फाट्यावर थांबते, देवी गेलेली. संकरित ज्वारी आलेली: ठेंगणी, उतारा जास्त, पण कणीस भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि भाकर कडवट लागते, कडबाही कमी, बैल नाराज. कापूस सरकारी एकाधिकार खरेदीत, जी १९७२ मध्ये सुरू झाली. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नाही, म्हणून शिदोरी आणि बैलांचा कडबा दोन दिवसांचा बांधून निघा; रात्री बंडीखालीच झोपा, कापूस सोडून जाऊ नका. फवारणीची औषधं घरात आली आहेत आणि ती खाटेखाली ठेवायची वाईट सवयही. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, काहीही भरू नये, कितीही धुतला तरी.

साखरेची बिमारी असणाऱ्याने, गरोदर बाईने, लहान लेकरं असणाऱ्या घराने यापेक्षा मागचं साल धरूच नये. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर दोन मडक्यांची रचना करावी: मोठ्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. विदर्भाच्या मे महिन्यात कोरडी हवा असल्याने हे चांगलं थंड राहतं. पावसाळी दमट हवेत तेवढं नाही. तेरा आणे. मग कौल याला का नाही? हा गेलेला काळ नाही, आजीचं घर आहे. जाऊन या, पण त्यासाठी साल मोडायची गरज नाही.

निघायचं कधी, हे सालदाराचं ऐकू नका. पाडव्याला निघालात तर समोर एप्रिल-मे, पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि तळाला गेलेली विहीर. दसऱ्यानंतर निघा. विहिरी भरलेल्या, पहिली वेचणी सुरू, कार्तिकात ज्वारी निघते, रस्ता वाळलेला. उन्हाळा येईस्तोवर हात आणि पोट दोन्ही रुळतात. तिथीने वर्ष धरलं तर पंचांगात अधिक महिना आहे का तेही पाहा. असला तर साल तेरा महिन्यांचं भरतं, आणि सालदाराला त्या महिन्याचं वेगळं काही मिळत नसे.

जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन, टायफॉईडची लस आणि कुत्र्याची आधीच घ्यायची लस उरकून घ्या. आणि महिनाभर रोज एक किलो ज्वारी जात्यावर दळून पाहा. जुनं जातं मिळालं तर उत्तम. नवं किंवा नुकतीच टाकी लावलेलं असेल तर आधी कोंडा दळून दोनदा फेकून द्या. पहिल्या पिठात दगडाची कच येते आणि भाकर दाताखाली करकरते.